म्हैस छान आली

बेळगाव, ता. ३ डिसेंबर १९३७

ती. गं. भा. आक्कास धाकट्या लतेचा सा. न. वि. वि.

श्रीपादने नैरोबीहून तुझं बोटीचं तिकीट पाठवल्याचं कळलं. तू मुलाकडे जातेस याचा आनंद आहे. सतरा जानेवारीलाच जातेस याचा नाही. परत कधी, ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. आईचा एकही फोटो नाही, म्हणून तिचा तीळ कुठल्या गालावर होता यावर आपण वीस वर्षं भांडतो आहोत. तुझ्या चेहऱ्यावरून मला तसं भांडायचं नाही. भांडायला तू इथे नसशीलच.

स्टुडिओत तू पाऊल टाकणार नाहीस, म्हणून मीच कॅमेरा घेते आहे. कॅम्पात परशराम जुन्या सामानवाल्याकडे दोन आहेत, जुळ्या बहिणींसारखे. दोन्ही घडीचे, काळ्या चामड्याचे, उघडले की पेटीसारखा भाता बाहेर येतो. एक विलायती, एक जर्मन. कॉन्व्हेंटात सिस्टरने शिकवल्याप्रमाणे मी वहीत दोन रकाने आखून एकवीस मुद्दे लिहिले आहेत. भात्याला भोक आहे का ते पाहायला आत बॅटरी पेटवून, दार लावून, भरदिवसा देवघरात बसले. संध्येला आलेल्या ह्यांनी विचारलं की देवांनी वीज कधी घेतली. पंधरा दिवस झाले, निर्णय नाही.

मुलांना आशीर्वाद म्हणायला आता घरात मुलं नाहीत, तेव्हा तुझे आशीर्वाद मलाच असू देत.
तुझी लता

निपाणी, ता. ८ डिसेंबर

चि. सौ. लतेस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं, तुझं स्थळ बघायला आप्पांना दोन दिवस लागले होते, आणि त्यांनी रकाने आखले नव्हते! मेहुण्यांना हे वाचून दाखव. एकवीस मुद्दे होईपर्यंत माझी बोट एडनला पोचेल. मला फोटोची हौस नाही. आमच्यात विधवेचा फोटो काढला की लोक आधी हार कुठे आहे ते बघतात. पण तुझ्यासाठी बसेन.

शेजारचा यल्लाप्पा सांगून गेला की आक्का, आफ्रिकेत लई सिंह असत्यात, बाहेर झोपू नका. मी म्हटलं, तिथल्या सिंहांना तुझ्या म्हशीइतका त्रास देता येत असेल असं वाटत नाही.

लोभ आहेच, लवकर येऊन दाखव.
आक्का

बेळगाव, ता. २३ डिसेंबर

ती. आक्कास कृ. सा. न. वि. वि.

विलायतीच्या भात्याला दोन भोकं निघाली, म्हणून जर्मन घेतला आणि तुझ्याकडे आले, ते तू जाणतेसच. अंगणात तुला उभं केलं, फितीने बरोबर दहा फूट मोजले, काचेभोवतालचा अंतराचा काटा दहावर ठेवला. आकड्यांशेजारी इटुकला एम आहे, तो कारखानदाराच्या नावाचा असावा. तू हलली नाहीस, मी श्वास घेतला नाही.

काल फोटो धुऊन आला, सोबत पाठवते. तुझ्या जागी पांढरं धुकं उभं आहे. मागे तीस फुटांवर, फाटकाशी यल्लाप्पाची म्हैस मात्र अशी सुरेख आली आहे की कानावरचे केस मोजावेत. हे म्हणाले की गळ्यातला दोर ओळखून यल्लाप्पा फ्रेम करून घेईल. मी हसले आणि मग माजघरात जाऊन रडले. पंचवीस दिवस उरले, आणि एकवीस मुद्द्यांची ही बाई इतकी निर्बुद्ध! बघून फाडून टाक.

वेड्या बहिणीवर माया असू दे.
लता

निपाणी, ता. २७ डिसेंबर

चि. सौ. लतेस आशीर्वाद.

रडू नकोस. तुझा तो एम कारखानदाराचा न्हाय. आपल्या कापडाच्या दुकानात फ्रान्सचं रेशीम यायचं, त्याच्या पट्टीवर असाच एम असे. इंग्रजी मला येत नाही, पण तीस वर्षं कापड मोजलंय. एम म्हणजे मीटर. एक गज आणि वर चार बोटं. तू मला दहा फुटांवर उभी केलीस आणि यंत्राला सांगितलंस दहा मीटर बघ. त्याने इमानाने बघितलं, तिथे म्हैस होती. सिस्टरने तुला फ्रेंच शिकवलं, मीटर कसा न्हाय शिकवला?

रविवारी ये. दुकानाचा गज मी अजून विकलेला नाही. मी मोजीन, तू काटा तीनवर ठेव.
आक्का

बेळगाव, ता. ७ जानेवारी १९३८

ती. आक्कास कृ. सा. न. वि. वि.

आलीस! कपाळावरची आठी, चष्म्याची वाकडी दांडी, लुगड्याच्या काठावरची वीण, सगळी तू. तोंड उघडं आहे, कारण त्याच क्षणी तू मला सांगत होतीस की उन्हात किती वेळ उभी करशील गं. प्रत सोबत पाठवते आहे, ट्रंकेत वर ठेव. माझी माझ्याजवळ आहे. आज चौथ्यांदा काढून पाहिली.

परशराम म्हणाला की फोटो असा आला म्हणजे कॅमेरा चांगला. गजाचं मी त्याला सांगितलं नाही.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
लता

निपाणी, ता. ११ जानेवारी

चि. सौ. लतेस आशीर्वाद.

चांगला फोटो परत पाठवते आहे, रागावू नकोस. म्हातारीचं उघडं तोंड घेऊन मी समुद्र कशाला ओलांडू? मी मला रोज आरशात बघते.

पहिला मी फाडलेला नाही. तू धुकं आणि म्हैस बघितलीस, खाली बघितलं नाहीस. उतरतं ऊन तुझ्या पाठीशी होतं. माझ्या पायांजवळून मागे थेट म्हशीच्या खुरांपर्यंत तुझी लांब सावली पडली आहे. मान खाली, दोन्ही कोपरं बाहेर, कानामागची बट सुटलेली. पाटीवर अक्षरं गिरवताना तू अशीच बसायचीस. तुझा दुसरा कुठला फोटो माझ्याकडे न्हाय.

तोच ट्रंकेत वर ठेवला आहे.

पत्रं लिहीत जा, मोजू नकोस.
तुझी आक्का