डाव्या दाढेवरचं सीलंट

मी, कुसाकाबे तोमिए, वय ७२, दंतवैद्य, राहणार मात्सुमोतो, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. अक्षर वाकडं येतं, डोकं सरळ आहे.

१. राहतं घर पुतण्या शुन्सुके याला. अंगणातलं पर्सिमनचं फळझाड त्यानं तोडू नये. ते तोडायला त्याची बायको टपलेली आहे.

२. दवाखाना, खुर्ची आणि अवजारांसह, नोगामी सायोको हिला. शुन्सुकेनं हरकत घेऊ नये. दवाखाना मुळात तिचाच आहे.

कारण लिहिणं भाग आहे. १९८३ साली आम्ही दोघी या दवाखान्याचे तेव्हाचे मालक हिराबायाशी सरांच्या हाताखाली होतो. सर म्हणाले, "शाळेतल्या मुलांच्या दाढांना सीलंट लावा. जिची वर्षभर टिकतील, दवाखाना तिचा." दाढेच्या खाचा किडू नयेत म्हणून सीलंट भरतात. आधी आम्ल लावायचं, तीस सेकंदांनी धुवून वाळवायचं. दात खडूसारखा पांढरा झाला की सीलंट घट्ट धरतं. मधे लाळ लागली की सगळी मेहनत पाण्यात.

सायोकोचा हात देवाचा. मी जळत होते, अगदी आतून. ती सीलंट घ्यायला वळली, की मुलाचा गाल धरलेलं माझं ओलं बोट मी त्या पांढऱ्या दाढेवर टेकवायची. अकरा मुलं. पुढच्या वसंतातल्या तपासणीत अकराही सीलंटं गळालेली, दोघांच्या दाढा किडलेल्या.

ती रडत म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं हो?"

मी म्हटलं, "हात गं. एकेकाला तो नसतोच."

दवाखाना मला मिळाला, ती डोंगरातल्या गावी निघून गेली. अजूनही नव्या वर्षाचं पत्र पाठवते, मेली! 'ताई, तुमच्याकडूनच शिकले,' असं लिहिते.

३. तिनं शिकताना माझ्या वरच्या डाव्या दाढेला सीलंट लावलं होतं. दहनाआधी ती दाढ तिनंच उपटावी आणि ठेवून घ्यावी. चूक तिच्या हाताची नव्हती, याचा तेवढाच पुरावा माझ्यापाशी आहे.

हे वाचून साक्षीदार फुमी म्हणते, "बाई, जिवंतपणीच सांगा ना त्यांना!" फुमी, तुझ्या तोंडाला लाव सीलंट. तिच्यासमोर उभं राहण्याची माझी छाती नाही.

एक्केचाळीस वर्षं झाली. आज सकाळीही ती दाढ आरशात पाहिली, नखानं खरवडली. सीलंटची कडसुद्धा सुटलेली नाही. सुटली असती, तर सुखानं मेले असते.

लिहून देणार: कुसाकाबे तोमिए (सही, शिक्का)
साक्षीदार: यानागिसावा फुमी, दवाखान्यातली मदतनीस (सही)
मोमोसे केन्किची, शेजारचा तोफूवाला (सही)
मात्सुमोतो, १८ नोव्हेंबर २०२४