उघड्या दाराचं कडवं

प्रिय अंगद,

तुझी कविता पोचली. पण आधी तक्रार नोंदवून घे. पाकिटाला तू इतका डिंक फासलास की उघडताना दुसऱ्या कडव्याचे दोन चरण पाकिटालाच चिकटून फाटले. काव्यदोषांची यादी मी पोरांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतो, तीत डिंक नाही. आता घालावा लागेल.

वृत्त म्हणशील, तर खडीच्या रस्त्यावरून जीप जावी तसं चाललंय. तुमचे पुढारी विठ्ठलराव, त्यांच्यावरचं कडवं मात्र साधलंय. ऊसतोडीच्या दरासाठी रस्ता अडवलात, धरलं तुम्हा दोघांनाही. त्यांना आठवड्यात जामीन, तुला वर्षानं. ते सुटले तेव्हा केजच्या चौकात जेसीबीतून फुलं उधळली होती. तू सुटलास तोवर ते, ज्यांच्याविरुद्ध तुला रस्त्यावर बसवलं, त्यांच्याच पक्षात जाऊन बसलेले! आणि त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, तळाच्या रांगेत, तुझा फोटो शुभेच्छुक म्हणून. आमचा सटवा चहावाला म्हणाला, "सर, अंगदभाऊ जेलातून बी शुभेच्छा देत्यात. लई मोठं मन हाय!" मी हसलो. कवितेत तूही हसला आहेस, पण तुझ्या हसण्याचा मला नीट अर्थ लागला नाही.

वाटलं होतं, तुरुंगाचं कडवं सगळ्यांत जड असेल. तिथं तर तू बराकीतल्या डाळीत डाळ शोधत बसलास. जड आहे ते घरी आल्यानंतरचं. दार उघडं आहे आणि तू कुणीतरी 'चल' म्हणायची वाट बघत उभा आहेस. कविकल्पना म्हणून मी समासात 'उत्तम' असा शेराही मारला, मास्तरकीची खोड. परवा सत्यशीलावहिनींचा फोन आला. "भावजी, दार सताड उघडं हाय, तरी उंबऱ्याशी थांबत्यात. चला म्हणलं की मगच पाय टाकायचे. आता तर चला म्हणलं तरी न्हाई निघत. कावून असं करत असतील?" फोन ठेवला आणि समासातलं 'उत्तम' खोडलं.

शेवटच्या कडव्यात तू सगळ्यांचे आभार मानलेस. वहिनींचे, पोरीचे, माझेसुद्धा. इतक्या वर्षांत तू माझे कधी आभार मानले नाहीस, आणि मला ते बरं वाटायचं. हे कडवं मी वहिनींना वाचून दाखवलेलं नाही. तू फोन घेत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी तुमच्या उमापूरकडे निघालेल्या जीपवाल्याच्या हाती देतोय. तिच्या मागच्याच गाडीनं मी येतोच आहे. अंगद, तू जिवाचं काही बरंवाईट करून घेशील, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
बद्रीनाथ