बिनगिलाव्याचं कॉलेज

लातूर, १२ जुलै २०२४

चि. मंजुश्रीस अप्पाचे आशीर्वाद.

फोनवर तू 'हाव, सगळं ठीक' म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहून राहिलो. कागदावर टाळाटाळ जमत न्हाई. सोडायला आलो तेव्हा तुझं आर्किटेक्चरचं कॉलेज नीट पाहिलं. भिंतींना गिलावा न्हाई, नळ उघडे, एका खांबातल्या सळया तर काचेतून दिसतात. वर पोरी विटा वाहत होत्या. मला वाटतं गुत्तेदार अर्ध्यात पळाला अन् उरलेलं काम तुमच्याकडून करून घेऊन राहिले. तुझी आई मला वहमी म्हणते. म्हणू दे. त्र्याण्णवच्या भूकंपात तुझी गुरम्मा आत्या घरातच गाडली गेली, तेव्हापासून मी भिंतीवर सहज भरवसा टाकत न्हाई.

खरं काय ते लिही. मायेपोटी बोललो, राग नसावा.

गुरुपादप्पा

नांदेड, १९ जुलै २०२४

ती. अप्पांना मंजुश्रीचे शरणु शरणार्थी, नमस्कार.

गुत्तेदार पळालेला नाही! कॉलेजचा आराखडा करून ते बांधून घेणाऱ्या किशनराव सरांनी इमारत मुद्दाम उघडी ठेवली, बघून शिकता यावं म्हणून. प्रत्येक भिंतीत विटांची मांडणी वेगळी. अंगणात आम्ही कमानी बांधतो, पाडतो, पुन्हा बांधतो. माझी पहिली कमान टेकू काढताच माझ्याच पायावर आली. बूट होते म्हणून वाचले. आईला सांगू नका.

पण तुमचा वहम मलाही लागला. जिन्याशेजारच्या भिंतीत तिरपी भेग आहे. प्राचार्य म्हणाले, तीही शिकण्यासाठीच ठेवलीय. मला पटेना. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. मैत्रीण शिल्पा आणि मी तशी पट्टी लावलीय.

लोभ आहेच, तो रागावूनही राहू द्यावा.

मंजुश्री

लातूर, २५ जुलै २०२४

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

किशनरावाला फोन केला. लई गोड बोलला. 'बघतो' म्हणाला. बघतो म्हंजे काय? मला तर सगळे मिळालेले दिसतात. त्या जिन्यानं चढू नको. मिलमधलं काम उरकलं की तुला न्यायलाच येतो.

जपून राहा, एवढीच आमची मागणी.

अप्पा

नांदेड, ५ ऑगस्ट २०२४

ती. अप्पांना शरणार्थी.

काच तडकली. प्राचार्य म्हणाले, कुणाचा तरी धक्का लागला असेल. दुसरी लावली, तीही तडकली. मग म्हणाले, तपासणीला लोक येणार आहेत, तेवढ्या भागाला गिलावा करून टाकू. अख्ख्या कॉलेजात नेमका तेवढ्यालाच! आम्ही पोरी भिंतीपुढं जाऊन बसलो. मिस्त्री थापी घेऊन उभा. प्राचार्यांनी घरी पत्र पाठवायची धमकी दिली. मी म्हणाले, पाठवा सर, आमच्या अप्पांना पत्रं आवडतात.

तेवढ्यात किशनराव सर आले. मला वाटलं, हेही त्यांच्याच बाजूचे. पण काच बघून ते म्हणाले, जिना बंद करा, पाया उघडा. खणलं तर छताच्या पाण्याचा नळ जमिनीखाली निखळलेला. काळी माती भिजून पाया एका अंगानं खचला होता. सर स्वतः खड्ड्यात उतरले. सगळ्यांदेखत म्हणाले, सगळे नळ उघडे ठेवले आणि नेमका हा तुकडा पुरला, चूक माझी. आता भिंतीला टेकू लावलेत. दुरुस्ती आमच्या वर्गासमोर होणार आहे.

न्यायला आलात तर आधी तो खड्डा बघा. आशीर्वाद असू द्या.

मंजुश्री

लातूर, १४ ऑगस्ट २०२४

चि. मंजुश्रीस अनेक आशीर्वाद.

परवा न्यायलाच आलो होतो, खोटं कशाला बोलू. तुझ्या सामानासाठी रिकामी थैली पण आणली होती. खड्ड्यात उतरून टेकू हलवून पाहिले. हलले न्हाईत. तू वर्गात गेलीस अन् मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. समोर वीट न् वीट उघडी, सांधा न् सांधा दिसत होता. बघता बघता डोळा कधी लागला कळलंच न्हाई. तू उठवलंस तेव्हा ऊन उतरलं होतं.

भूकंपानंतर परक्या छताखाली मला कधी झोप आली न्हाई, हे तुझ्या आईला ठाऊक. त्यामुळं तिला खरं वाटेना. तू डोळ्यानं पाहिलंस, तेवढं तिला कळव. थैली तुझ्याकडंच राहू दे.

तुझा अप्पा