लामाराने केलेली बहीण

२८ जुलै २०२१, बुध.
आज कणीक मळताना उगाच एक जुनी दुपार आठवली. दिवाळीच्या चकल्या. शेजारची लामारा सोऱ्या दाबत होती, मी तळत होते. मागच्या पायरीवर माझा समीर आणि तिची तामुना अक्रोड फोडत बसलेले, दोघं शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तामुनाने त्याच्या भुवईवरचं पीठ पुसलं. मी हसले. लामारा हसली नाही.
लॉकडाऊन वाढलं. एकट्या राहणाऱ्यांना एक माणूस घरी येऊ देता येईल. माझं माणूस अर्थात लामारा.

२ ऑगस्ट, सोम.
लामारा घोमी घेऊन आली, मक्याची घट्ट उकड, आत चीज पुरलेलं. तिला जॉर्जियन म्हटलं की अजून चिडते. "मी मेग्रेली! आमची भाषासुद्धा वेगळी." लढाईत घर सुटलं, बहिणी पांगल्या, म्हणून इथे परदेशात, क्वेकर्स हिलमध्ये, मला बहीण केलं. त्या चकल्यांच्याच आठवड्यात. माझी पूजेची चांदीची पळी सुरीने खरवडली, कीस वाइनमध्ये टाकला, दोघी एकाच पेल्यातून प्यायलो. चांदी गंजत नाही, तसं हे नातं. नन्सच्या शाळेत वाढलेली मी, पहिली दारू ती! मग तिने मुलांना बोलावून सांगितलं, आजपासून तुम्हाला आणखी एक मावशी. किती रडले होते मी, आनंदाने.

८ ऑग., रवि.
समीरचा मेलबर्नहून व्हिडिओ कॉल. मागे त्याच्या किचनमध्ये तामुना.
"आई, आम्ही लग्न करतोय. वर्षभर एकत्रच राहतोय."
देवासमोर साखर ठेवायला उठलेच होते.
"मावशी, थांब. मम नो म्हणते. ही इज युअर ब्रदर, म्हणते."
"अगं, मानलेलं नातं ते."
तामुनाने मान हलवली. मग हळूच, "मावशी, दॅट्स व्हाय शी डिड इट. तेव्हाच मला म्हणाली होती, आता तो तुझा भाऊ. फिनिश्ड."
फोन कधी बंद झाला कळलं नाही. साखरेचा डबा हातात तसाच.

९ ऑग.
कुंपणापाशी लामाराला विचारलं. नाकारलंही नाही तिने.
"हो. पाहिलं होतं मी. माझी एकच मुलगी. तिचं घर आमच्या माणसांत हवं होतं."
"मग मला सांगायचंस!"
"सांगितलं असतं तर तू बोलली असतीस माझ्याशी?"
रागाने म्हटलं, मला बहीण करण्याऐवजी तुझ्या नवऱ्याला माझा भाऊ केलं असतंस तर? आमच्यात मामाची मुलगी चालते.
"मामाची मुलगी? लग्नाला?" तिने छातीवर क्रॉस केला. "आमच्यात नुसतं आडनाव एक असलं तरी नाही. रानटी आहात तुम्ही."
एरवी दोघी पोट धरून हसलो असतो.

१५ ऑग., रवि.
वाट एकच आहे, लामारा म्हणते. शपथ घेतलेल्या दोघींपैकी एकीने ती खोटी होती असं म्हणायचं. मग मुलं मोकळी.
"मी म्हणणार नाही. तू म्हण."
वा. फसवलं तिने आणि मोडायचं मी.
समीर म्हणतो, "आई, जस्ट से इट. दोन शब्द."
पण हे गेले तेव्हा वर्षभर काळे कपडे घातले होते बाईने. त्यांच्यात बहिणीचा नवरा गेला की घालतात. तेही खोटंच होतं? न्हायला घालायची मला, केस पुसायची. ते हात…

२१ ऑग., शनि.
कोविड निघाला. हॉस्पिटलची नर्स रोज फोन करते, बोटाला ऑक्सिमीटर. लामाराही घरात अडकली, माझ्या संपर्कातली म्हणून. कुंपणावरून सूपचा डबा खाली सोडला आणि ओरडली, "स्कानी चिरिमा!" तुझं दुखणं मला लागो. तामुनाला म्हणते नेहमी. मला पहिल्यांदाच.
मी खिडकी लावून घेतली. सूप मात्र प्यायले.

२३ ऑग., सोम.
ऑक्सिजन उतरलाय. ॲम्ब्युलन्स निघाली म्हणतात. समीर, राज्याची बॉर्डर बंद, तुला येता यायचं नाही. म्हणून इथेच लिहिते.
बाबांचं घड्याळ तुला. माझ्या आईची प्रार्थनेची पुस्तकं आणि माझे शाळेचे फोटो माझ्या बहिणीला, नंदाताईला, पुण्याला.
माझ्या पाटल्या तामुनाला. सुनेच्या म्हणून, भाचीच्या म्हणून नव्हे. देताना तसं तोंडाने म्हण.
कपाटातली मोरपंखी पैठणी लामाराला. विहिणीचा मान म्हणून. हेही म्हण, तिच्या तोंडावर. घ्यायला हात पुढे केला नाही तर ओट्यावर ठेवून ये. परत आणू नकोस.