मामांनी राखायला दिलेली हरणं

कळंबजवळचा माळ
कार्तिक, १९४३

अव्वा, तुझ्या पायांवर वीरप्पाचा शरणार्थ.

म्या खुशाल हाय. भाकरी वेळेवर मिळती. तुझा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का?

मामांनी मला जहागीरदारांची हरणं राखायला आणलं, तवा म्हणाले व्हते, "कळप वाढू द्यायचाय. दर बाजारी मोजून मला सांगत जा." म्या जीव लावून राखली. औंदा पाडसं लई झाली. घोंगडी पांघरून जवळ गेलो तरी माद्या उठत नव्हत्या. हे म्याच मामांना कौतुकानं सांगितलं.

मागल्या बाजारी जहागीरदारांकडं शिकारी पाहुणे आले. मामा म्हणाले, "पाहुण्यांना गारवा लागतोय, तुझी घोंगडी दे." म्या दिली. एक पाहुणा ती पांघरून, आत बंदूक धरून कळपात शिरला. एक बी हरीण पळालं न्हाय, अव्वा. त्यांना वाटलं, म्याच आलो.

म्या मामांना विचारलं, "राखायला सांगितलं व्हतं ना?"

ते हसले. "मग? आता पुन्हा वाढव."

तुझा पाठचा भाऊ हाय, म्हणून उलटून बोललो न्हाय. घोंगडी ओढ्यावर धुतली, पण अंगावर घेववत न्हाय. तू जिवाला लावून घेऊ नको. हे पत्र शेजारच्या उमाक्काकडूनच वाचून घे, मामांच्या घरी नेऊ नको.

वाचलेली हरणं पल्याडच्या ओढ्यात गेलीत. मला बघितलं की पळतात. पळू देत. मामा रोज विचारतात, "किती उरली?"

म्या सांगतो, "एक बी दिसलं न्हाय."

तुझं लेकरू,
वीरप्पा