पंचवीस डॉलरची सद्भावना

मी, डॉ. हेन्ड्रिका झ्वाग, वय त्र्याहत्तर, राहणार ऑटवा काउंटी, मिशिगन, संगीताची निवृत्त प्राध्यापक आणि पाइप ऑर्गन सुरात लावणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर बऱ्याच जणांनी नको म्हटले असताना लिहीत आहे. मला कर्करोग आहे तो स्वादुपिंडाचा. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

मिळकतीची वाटणी समजण्यासाठी आधी वस्तुस्थिती समजली पाहिजे. ती क्रमाने देते. वाचणाऱ्याने मधले गाळून शेवटाकडे जाऊ नये.

प्रथम: सन २०१६ मध्ये माझे पित्ताशय काढण्यात आले. त्याचे संपूर्ण बिल माझ्या विमा कंपनीने भरले. पावती आहे.

द्वितीय: रुग्णालयाच्या हिशेबनीसांनी ते बिल थकलेले धरले आणि इतर थकबाकीच्या गठ्ठ्याबरोबर थॉर्नकिल असोसिएट्स नावाच्या वसुली एजन्सीला विकून टाकले. रक्कम एक हजार आठशे सेहेचाळीस डॉलर. थॉर्नकिलने मला एक ओळ न लिहिता ही रक्कम माझ्या क्रेडिट रिपोर्टवर चढवली. ज्या बाईने आयुष्यात ग्रंथालयाचे पुस्तकसुद्धा उशिरा परत केले नाही, तिच्या नावापुढे ‘बुडवी’ अशा अर्थाचा शेरा लागला, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

तृतीय: सन २०१९ मध्ये आमचे जुने चर्च बंद झाले आणि तिथला ऑर्गन विक्रीस निघाला. एकतीस वर्षे मी तो सुरात ठेवला होता. त्याची प्रत्येक नळी मला आवाजावरून ओळखता येई. तो विकत घेऊन कॉलेजला देण्यासाठी मी बँकेकडे कर्ज मागितले. कर्जविभागातल्या गृहस्थांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि आवाज एकदम मऊ केला.

“प्रोफेसर, तुमच्यावर एक वसुली दिसतेय.”

“माझ्यावर? पुन्हा बघा.”

“तुमचीच आहे. असं करा, आधी ती मिटवा, मग या.”

“मी काहीही बुडवलेलं नाही.”

“सगळे असंच म्हणतात हो,” ते म्हणाले, आणि मला पाण्याचा पेला देऊ केला. मी तो घेतला नाही.

चतुर्थ: ऑर्गन एका भंगारवाल्याने घेतला. त्याच्या नळ्या आज हमरस्त्यावरच्या एका बिअरच्या दुकानात छताला टांगलेल्या आहेत आणि त्यांच्या तोंडांत दिवे बसवले आहेत. मी एकदा आत गेले होते. बिअर आणून देणाऱ्या मुलीने कौतुकाने सांगितले, “मस्त आहेत ना? खऱ्या चर्चमधल्या आहेत म्हणे!” मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

पंचम: मी थॉर्नकिलला कायद्याने दिलेल्या मुदतीत, रजिस्टर्ड टपालाने, विम्याच्या पावतीसह आक्षेप कळवला आणि देणे माझे असल्याचा लेखी पुरावा मागितला. क्रेडिट रिपोर्ट तयार करणाऱ्या तिन्ही कंपन्यांनाही लिहिले. त्यांनी थॉर्नकिलला विचारले, थॉर्नकिलने ‘बरोबर आहे’ म्हटले, आणि चौकशी संपली. चोरालाच विचारायचे की माल कोणाचा, अशी ही पद्धत. थॉर्नकिलकडून मला उत्तर म्हणून आले ते फोन. फोन करणारा स्वतःला डेरेक म्हणवी.

“मॅडम, सगळे नकोत. जमेल तेवढे द्या.”

“लेखी कळवा.”

“अहो, लेखी कशाला? आपण बोलतोय की!”

“आपण बोलत नाही. तुम्ही बोलता आहात. मी टिपून घेते आहे.”

“एवढ्या शिकलेल्या बाई तुम्ही. शोभतं का हे?”

मला ताटकळत ठेवताना ते जे संगीत लावत, ते जवळजवळ पाव स्वर उतरलेले होते. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले तेव्हा फोन कापण्यात आला.

षष्ठ: इथून पुढची हकीकत माझा धाकटा भाऊ एव्हर्ट याच्याविषयी आहे. सन २०२३ च्या जानेवारीत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. त्या काळापुरते मी एव्हर्टला मुखत्यारपत्र दिले होते, आणि माझा फोनही त्याच्याकडे होता. एव्हर्ट आमच्या नव्या चर्चचा डीकन, म्हणजे निवडलेला सेवक आहे. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते, आणि त्याआधीचा आठवडा आमच्याकडे तयारीचा असतो: भांडणे मिटवायची, देणी फेडायची, मगच भाकरीला हात लावायचा. नेमका त्याच आठवड्यात डेरेकचा फोन आला. थॉर्नकिल आपले फोन ध्वनिमुद्रित करते आणि ते मुद्रण माझ्या वकिलांनी मिळवले आहे, त्यामुळे पुढील संवाद माझ्या कल्पनेतला नाही.

“हे देणं तुमच्या बहिणीचंच ना, सर?”

“हो, हो, तिचंच. आमच्या घरात कोणी कुणाचं बुडवत नाही.”

“मग आज नुसती सद्भावना म्हणून पंचवीस डॉलर देता का?”

“घ्या ना. पण रविवारच्या आत जमा झाले पाहिजेत हं!”

सप्तम, आणि हेच महत्त्वाचे: तोपर्यंत कोर्टात दावा लावण्याची थॉर्नकिलची मुदत टळून गेलेली होती. क्रेडिट रिपोर्टवरची नोंदही त्याच वर्षी आपोआप पुसली जाणार होती. मुखत्याराने हप्ता दिला म्हणजे मी देणे कबूल केले, असे म्हणत थॉर्नकिलने दाव्याची मुदत नव्याने मोजायला घेतली. शिवाय क्रेडिट रिपोर्टवरच्या नोंदीला नवी तारीख घातली, जे कायद्याने करताच येत नाही. प्रेताला उठवून उभे करायला पंचवीस डॉलर पुरले.

घरी आल्यावर हे मला कळले तेव्हा एव्हर्ट माझ्या स्वयंपाकघरात वाटाण्याचे सूप गरम करत होता. त्याची मुलगी मार्लिस भांडी पुसत होती.

“पंचवीस डॉलर, हेन्ड्रिका! दोघांचं धड जेवणसुद्धा होत नाही त्यात.”

“तू माझ्या नावानं कबुली दिलीस.”

“तुझ्या भल्यासाठी दिली. ऑपरेशनच्या टेबलावरच गेली असतीस तर देणं डोक्यावर घेऊन गेली असतीस.”

“नसलेलं देणं, एव्हर्ट.”

“लोकांना काय कळतंय असलेलं का नसलेलं?”

“बाबा,” मार्लिस म्हणाली, “सूप उतू जातंय. आणि तूही.”

माझ्या वकील रोसालिंड टिबेट यांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली: हे देणे काय आहे हे मला ठाऊक नव्हते, बहिणीला मी विचारले नाही, आणि ‘तिचंच’ हे मी माहिती नसताना बोललो, एवढे शपथपत्र. तेवढ्याने थॉर्नकिलचा आधार गळून पडतो. एव्हर्टने नकार दिला. “ते लिहून दिलं म्हणजे मी फोनवर खोटं बोललो असं होतं. डीकन आहे मी.” मी म्हटले, “हो. तसंच होतं.” तेव्हापासून रविवारी प्रवचनाच्या मध्यावर, आमच्या रीतीप्रमाणे, बाकावरून पेपरमिंटची पुडी त्याच्या हातून माझ्याकडे येते, आणि मी ती न उघडता पुढे सरकवते. आमच्या चर्चमध्ये याहून मोठ्याने भांडत नाहीत.

आता वाटणी.

कलम पहिले. राहते घर, त्यातील सामानासह, माझी भाची मार्लिस झ्वाग हिला. वसुलीवाले मृत्युवार्ता वाचतात आणि मयताच्या नातेवाइकांना फोन करतात, हे तिने ध्यानात ठेवावे. माझे खरे-खोटे कोणतेही देणे मार्लिसचे देणे नाही. कोणाची मागणी असेल तर ती वारसाकोर्टात मांडावी. याबाबत आमची तालीम झालेली आहे. (ती मला टांटे म्हणते, म्हणजे डचमध्ये आत्या.)

“टांटे, फोन आला तर मी काय बोलू?”

“‘लेखी कळवा.’ दोन शब्द.”

“आणि ते म्हणाले, तुमच्या आत्याची शेवटची इच्छा असेल, देणं फिटावं?”

“तर सांग, तिची शेवटची इच्छा माझ्यासमोर आहे आणि तिची कलमं मोजून ठेवली आहेत.”

कलम दुसरे. सूर लावण्याचे पितळी शंकू, नळ्या छाटण्याच्या सुऱ्या आणि चामड्याची पेटी हीही मार्लिसला. तिचा कान चांगला आहे, शिस्त नाही. शंकू ओल्या फडक्याने पुसू नयेत. हे मी तिला चारदा सांगितले आहे. ही पाचवी वेळ.

कलम तिसरे. बँकेतील सर्व बचत रोसालिंड टिबेट यांच्या ताब्यात, केवळ एका कामासाठी: थॉर्नकिल असोसिएट्सविरुद्ध माझ्या इस्टेटीच्या वतीने दावा चालवणे, खोट्या तारखेच्या नोंदीबद्दल, पैसे संपेपर्यंत किंवा थॉर्नकिल संपेपर्यंत. तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर तडजोड करू नये. त्यांनी रक्कम देऊ केली तर ती घ्यावी आणि त्याच रकमेने त्यांच्याविरुद्ध तक्रार असलेल्या पुढच्या माणसाचा दावा लावावा. मी गेल्यावर प्रकरण थंड होईल अशी त्यांची समजूत असेल. एका मृत बाईची चिकाटी काय असते, हे त्यांना सावकाश कळावे. घाई करू नये.

कलम चौथे. डेरेक यांना, खरे नाव दाव्यात उघड झाल्यावर, माझा स्वरकाटा. त्यांच्या कार्यालयातील संगीत त्यावर तपासून घ्यावे.

कलम पाचवे. ज्या बँकेने मला पाण्याचा पेला देऊ केला, तिथले खाते अंत्यविधीच्या दिवशीच बंद करावे.

कलम सहावे. अंत्यविधीत विजेचा ऑर्गन वाजवू नये. खरा ऑर्गन उपलब्ध नसेल तर लोकांनी नुसत्या गळ्याने गावे, आणि खालच्या पट्टीत सुरुवात करावी. दरवेळी वर जाऊन अडकतात.

कलम सातवे. सध्या माझ्या नावावर असलेली सरोवरकाठची झोपडी आणि वडिलांचे सुतारकामाचे टेबल माझ्यामागे एव्हर्टला मिळावे अशी वडिलांची इच्छा होती. त्या टेबलावर वडिलांनी आम्हा दोघांना पहिला सांधा जोडायला शिकवले. एव्हर्टचा सांधा ढिला असे आणि तो फटीत भुसा भरून बुजवत असे. वडिलांना हे कधी कळले नाही. मला कळले होते आणि मी गप्प राहिले, कारण तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता तो एकोणसत्तर वर्षांचा आहे.

म्हणून: माझ्या हयातीत एव्हर्टने वरील शपथपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून, नोटरीसमोर सही करून दिले, तर झोपडी आणि टेबल त्याचे. न दिल्यास दोन्ही विकून पैसे कलम तिसऱ्यातील निधीत घालावेत, आणि एव्हर्टला पंचवीस डॉलरचा एक धनादेश द्यावा. त्यावर कारणाच्या जागी ‘सद्भावना’ असे लिहावे. तो रविवारच्या आत पोहोचावा.

कलम आठवे. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे अधिकार रोसालिंड टिबेट यांना. त्यांनी माझ्या मसुद्यात केलेल्या अकरा दुरुस्त्यांपैकी मी दोन मान्य केल्या आहेत.

सही: हेन्ड्रिका झ्वाग

साक्षीदार पहिली: यूनिस प्लंकेट, शेजारीण. हिच्याशी माझा कुंपणावरून नऊ वर्षांचा वाद आहे, त्यामुळे ती माझ्या बाजूने खोटे बोलेल अशी शंका कोणी घेऊ नये.

साक्षीदार दुसरे: थिओडोर बास्किन, टपाल कार्यालय. थॉर्नकिलला गेलेले माझे प्रत्येक रजिस्टर्ड पत्र यांनी तोलले आहे.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघराचे टेबल, ऑटवा काउंटी, मिशिगन
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

(पुढील मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. एव्हर्टला द्यावयाच्या प्रतीवर लिहिलेली ही टीप आहे.)

एव्हर्ट,

डॉक्टर नाताळपर्यंत म्हणतात. मी त्याआधीचे धरते. येत्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे, म्हणजे हा तयारीचा आठवडा आहे. देणी फेडण्याविषयी तुला सांगायला नको. मला माझे नाव स्वच्छ झालेले माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे. थॉर्नकिलचा सूड मी वकिलांवर सोपवू शकते; हे तुझ्याशिवाय होत नाही.

फोन करू नकोस, उचलणार नाही. मार्लिसबरोबर निरोप पाठवू नकोस. पेपरमिंट मी यापुढे घेईन, पण शपथपत्र हातात पडल्यानंतर.

उत्तर लेखी दे.