झोपवून काढलेला फोटो

आई, आज एक्स-रे सेंटरमध्ये कोल्हारची एक बाई आली होती, तुझ्याच वयाची. गुडघ्यांवर हात टेकत जिना चढली. मी म्हटलं, "मावशी, उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या." ती म्हणाली, "उबं ऱ्हायाला जमलं अस्तं तर आले कशाला अस्ते?" मला हसू आलं, तरी तिला आधाराला दांडी देऊन उभंच केलं. उभ्यानं एक्स-रे काढायचा म्हटलं की मी आता कुणाचं ऐकत नाही.

तू राहुरीला आलीस तेव्हा मी या कामात नवी होते. वाफ्यात उकिडवं बसून जन्मभर खुरपलेली माझी आई पहिल्यांदाच लेकीच्या कामावर आलेली. मी तुला टेबलावर झोपवलं, उशाला माझी शाल दिली. माझ्या आईला मी त्रास देणार नाही, असा तोरा होता मला. फिल्म स्वच्छ आली आणि डॉक्टरांनी बघायच्या आधीच मी भावाला फोन करून टाकला, गुडघे ठणठणीत आहेत म्हणून. त्यानंतर तू पाय चोळत बसलीस की तो म्हणायचा, "आक्कानं फोटो काढलाय, काय न्हाई त्यात. मनाचं हाय तुझ्या." तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, "फोटोत न्हाई तर न्हाई. पर दुकतंय माजं." आणि खुरपं घेऊन निघालीस.

झोपल्यावर गुडघ्यावर भार नसतो, म्हणून हाडांमधली फट मोकळी दिसते. उभं केलं की झीज कळते. हल्ली लोक येतात ते थेट एमआरआयच करा म्हणत. त्यात कूर्चा, गादी, हाडातली सूज सगळं दिसतं, पण तुझ्या वयाच्या न दुखणाऱ्या गुडघ्यातही काही ना काही निघतंच. सोनोग्राफीत पाणी झालेलं पटकन कळतं, आतलं फारसं नाही. तुला यातलं काहीच नको होतं. साधा एक्स-रे, फक्त उभ्यानं. आणि दुखणं किती, हे तर कुठलंच मशीन सांगत नाही. ते माणसाला विचारावं लागतं, आणि त्यानं सांगितलं की खरं धरावं लागतं. मी तुझं खरं धरलं नाही, याची मला लाज वाटते.

आई गेल्यावर मला हे कळलं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. सेंटरला आलेल्या नव्या डॉक्टरांनी मला उभ्यानं एक्स-रे काढायला शिकवलं तेव्हा तू होतीस, पुढे दोन वर्षं होतीस. तुला परत बोलावलं असतं तर दुसऱ्या फिल्मवर माझी चूक दिसली असती, म्हणून बोलावलं नाही. भाऊ अजून म्हणतो, आईचं मनाचंच होतं. हे पत्र खरं तर त्याला द्यायला हवं. मी देणार नाही.